कडेचा रंग

दसरा आठवड्यावर आला की आमच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये माळ्यावरून दोन डबे खाली येत. एक आईचा, समया-निरांजनांचा. दुसरा बाबांचा, बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात जुन्या बनियनचे धुऊन धुऊन मऊ झालेले तुकडे, फ्लॅनेलचे एक फडके, रबिंग कंपाउंड, मेणाच्या पॉलिशची चपटी डबी आणि झिजलेला दात घासायचा ब्रश असे. हा सारा सरंजाम आमच्या फियाटसाठी.

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी. पण भोपाळात काय किंवा नागपुरात काय, सगळे तिला फियाटच म्हणत. बाबांनी ती १९८९ साली जुनीच घेतली होती. रंग गडद निळा. कारखान्यात १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होई, घरी खंडेनवमी. दोन्हीकडे प्रसाद मिळायचा, म्हणून आम्हां मुलांना हे दुभाषेपण फार फायद्याचे वाटे. बाबांची गाडीची रगडाई या दोन सणांच्या मधल्या रविवारी चाले. शेजारचे एक गृहस्थ सायकल थांबवून विचारत, "दादा, ये गाड़ी है कि शालिग्राम?" बाबा हसत आणि हात चालूच ठेवत.

आमचे घराणे नागपूरचे. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. तेव्हा कितीतरी मराठी सरकारी घरे बोचकी बांधून इकडे आली. त्यात आमचे आजोबा एक कारकून. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि पुढच्या वर्षी बाबा तिथे लागले. पुढे १९७४ साली तो भेलमध्ये विलीन झाला. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि बाबांच्या तोंडी अखेरपर्यंत नागपूरचे "करून राहिलो".

बाबांचे काम कॉइलवर अभ्रकाची पट्टी गुंडाळण्याचे. जलविद्युत जनित्राच्या त्या लांबलचक कॉइल. पट्टी प्रत्येक फेऱ्याला ठरावीक भागच आधीच्या फेऱ्यावर चढली पाहिजे आणि ताण सर्वत्र सारखा हवा. सैल राहिली तर आत हवा राहते आणि उच्च दाबाची वीज तिथेच घर करते. पुढे सरळ भागासाठी यंत्रे आली. पण कॉइलचे टोक जिथे वळते तिथे माणसाचा हातच लागे. बाबा सांगत, "ताण डोळ्यांना दिसत नाही बाप्पा, तो बोटाला कळते."

गाडीलाही त्यांचा हाच न्याय. कंपाउंड आणि मेण यांतला फरक त्यांनी मला दहाव्या वर्षी सांगितला. कंपाउंड म्हणजे बारीक कुरुंदच. ते रंगाचा वरचा मेलेला थर खरवडून काढते. मेण काही काढत नाही, ते वर बसते आणि पाणी, ऊन, धूळ अडवते. म्हणून कंपाउंड वर्षातून एकदा, तेही जपून. मेण हवे तितक्यांदा. गाडी सावलीत उभी करायची, पत्रा थंड हवा. एका वेळी वीतभर जागा. त्या काळच्या गाड्यांच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे, त्यामुळे फडके निळे होई. बाबा ते अधूनमधून माझ्यासमोर धरत. "हे पाहून ठेव. फडक्यावर आला तेवढा गाडीवरून गेला." मेणाच्या डबीवर कारनौबाचे नाव होते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर उन्हापासून बचावासाठी हे कडक मेण येते. ते फियाटच्या बॉनेटवर बसून भोपाळचे ऊन झेलते, याचे मला तेव्हा मोठे नवल वाटे.

आता १९९६ सालची गोष्ट. मी गोविंदपुऱ्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागलो होतो. बाबांच्या निवृत्तीला एक वर्ष उरले होते. त्या वर्षी डबा खाली आला, पण दोन रविवार गेले तरी उघडला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी अर्धे दार घासले आणि फडके खाली ठेवले. म्हणाले, "खांदा धरून राहिला." मला वाटले, वय झाले. आणि खरे सांगायचे तर मला त्या रगडाईची थोडी लाजही वाटू लागली होती. रस्त्यावर मारुती धावत होत्या आणि आमच्या घरी अजून बनियनचे तुकडे!

मी ओळखीच्या एका कारागिराकडून विजेचे बफिंग मशीन मागून आणले. वजनदार, पुढे मेंढीच्या लोकरीची गोल गादी, मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे. अष्टमीचा दिवस, बाबा पाळीवर. त्यांना यायच्या आत गाडी आरशासारखी करून ठेवायची असा बेत. टप खरोखर दहा मिनिटांत लखलखला. मी फुशारलो. बॉनेटवर आलो आणि मधली उभी धार नीट उजळावी म्हणून मशीन तिरके करून जोर दिला. जळका वास आला. गादी उचलली तर धारेवर बोटभर लांबीचा रंग गायब, खाली तांबूस प्रायमर.

ते का झाले हे मी पुढे शिकलो. ओला रंग सुकताना धारेवरून मागे सरतो, म्हणून तिथे तो मुळातच पातळ असतो. शिवाय धारेवर गादीचा सगळा दाब रेघेएवढ्या जागेवर येतो, उष्णता साचते आणि रंग मऊ पडून निघतो. हाताने घासताना दमल्यावर माणूस थांबतो, पत्रा तापल्याचे बोटांना समजते. मशीनला ना दम लागत, ना चटका बसत.

बाबा आले. सायकल भिंतीला लावली, बॉनेटपाशी उभे राहिले. त्या डागावर त्यांनी बोटे टेकवली आणि मला विचारले, "गरम आहे का रे अजून?"

मला तो टोमणा वाटला. मी मान खाली घालून "हो" म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेला आईने झेंडूची माळ त्या डागावरून घेतली. बाबांनी ती बाजूला सरकवली. "झाकायचं काय त्यात." पुढे डबा माझ्या हाती देऊन म्हणाले, "आता तूच करत जा." तीही मला शिक्षाच वाटली. कित्येक वर्षे मी ती रगडाई शिक्षा भोगल्यासारखी केली.

निवृत्तीनंतर आम्ही इंद्रपुरीत राहायला गेलो. २००१ साली बाबांच्या पायाला जखम झाली आणि त्यांना ती दोन दिवस कळलीच नाही. डॉक्टरांनी तपासले, साखर फार जुनी निघाली. त्यांनी बाबांच्या बोटांच्या टोकांना टाचणी लावून विचारले, "कब से सुन्न हैं?" बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "पाँच-छह साल हो गए." रिटायर होण्याआधीपासून! ज्यांना अभ्रकाच्या पट्टीचा ताण बोटाने कळे, त्यांनी ते शेवटचे वर्ष कारखान्यात कसे काढले असेल? घरी कुणाला अक्षर सांगितले नव्हते. आणि मला तो प्रश्न आठवला. पत्रा गरम आहे की नाही हे त्यांना खरोखरच कळत नव्हते. ते मला विचारत होते.

मी त्यांना काही बोललो नाही. त्या रविवारी डबा उघडला, त्यांना खुर्ची टाकून दिली आणि वीतभर जागा झाली की विचारू लागलो, "बाबा, पुरे का?" ते डोळे बारीक करून उजेडात तिरके पाहत. "अजून दोन हात मार." ती फियाट २००४ साली गेली, बाबा २००९ साली.

आज मुलाची गाडी आहे. रंगावर पारदर्शक थर, सगळे मिळून सुमारे शंभर मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दीडपट जाडी. मुलाने नव्या प्रकारचे मशीन घेतले आहे. त्याची गादी फिरता फिरता डोलते, एकाच जागी घासत नाही, जोर दिला की फिरणे मंदावते. चांगले यंत्र आहे. मोठ्या सपाट भागावर त्याच्यासारखे एकसारखे काम माझ्या हातून होणार नाही, हे मी मोकळेपणी मान्य करतो. पण मशीन लावण्यापूर्वी मुलगा साऱ्या कडांना, धारांना कागदी चिकटपट्टी लावतो, आणि शेवटी ती काढून फडके माझ्याकडे देतो. "आजोबांचा भाग तुम्ही करा."

गेल्या दसऱ्याला मी बॉनेटच्या कडेवरून हात फिरवत होतो. मलाही आता साखर आहे. मी थांबून पत्र्यावर बोटे टेकवली, गार लागला. मग उगीचच मुलाला हाक मारून विचारले, "गरम आहे का रे?"

तो आला, हात लावून म्हणाला, "नाही बाबा, थंड आहे."

मी म्हटले, "बरं. मला वाटलंच." आणि पुढची वीतभर जागा घेतली.