मानकोली नाक्यावर तीन पुस्तकं

पार्सल कुठवर आलंय हे बघताना 'भिवंडी' हे नाव तुम्ही हजारदा वाचलं असेल. एकदा जाऊन तर बघा! ठाण्याहून नाशिक हायवेला लागा, खारेगाव ओलांडलं की थोड्या वेळात मानकोली नाका. पत्र्याची गोदामं, कंटेनरची रांग, टपरीवरचा कटिंग. सॅकमध्ये मात्र अलीकडची तीन मराठी पुस्तकं हवीत.

पहिलं नंदा खरेंचं 'उद्या'. माणसांवर सतत नजर ठेवणारं, अगदी जवळ आलेलं भविष्य. बारकोडच्या या राज्यात वाचताना जाम टरकायला होतं. (खरेंनी यासाठीचा २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार चक्क नाकारला होता.) किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' गाव आणि शहर यांच्यामध्ये लोंबकळणाऱ्यांसाठी. म्हणजे आपल्यातल्या निम्म्यांसाठी!

पण माझं मत कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला. २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणानं उठवलेल्या गावाची, मागे राहून रानटी झालेल्या म्हशीची. मानकोलीत धरण नाही, पण भाताची खाचरं गेली आणि त्यांवर आपली पार्सलं येऊन बसली. एसीत बसून वाचलं तर म्हैस लांबची वाटते. इथे दोन गोदामांमधल्या उरलेल्या गवताच्या पट्ट्याकडे नजर जाते, आणि पुढचं पान पटकन उलटवत नाही.