मुसळीचा पेला

२००३ च्या जूनमध्ये अब्बांनी आंजीच्या शेतात अर्धा एकर सफेद मुसळी लावली. ती कशासाठी खातात, हे विचारायची आम्हा भावंडांची हिंमत नव्हती. अम्मीने विचारले. "ताकत की चीज है," एवढेच अब्बा बोलले.

त्या काळात मुसळीचे वेड विदर्भात पसरले होते. एका कंपनीने बियाणे दिले, वाळलेला माल हजार रुपये किलोने परत घेऊ असे लिहूनही दिले. अम्मीच्या बांगड्या गहाण पडल्या. पण मुसळीला निचऱ्याची जमीन लागते. आमच्या काळ्या मातीत गादीवाफे करूनही निम्मे कंद सडले. उरलेले थंडीत खणून अंगणात चाकूने एकेक बोट सोलत बसलो. पाच किलो ओली वाळून जेमतेम किलोभर होते. तोवर कंपनीचा फोन बंद.

न विकलेली मुसळी कुटून डब्यात भरली गेली. मोठ्या भाईंच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती, मूल नव्हते. दादींनी फर्मान काढले, "बडे को दूध में पिलाओ." वर्ध्याच्या हकीमसाहेबांनी सोबत माजून आर्द खुरमा दिली. ती खजुराची. जुन्या तिब्बी किताबांत खजूर, चणे, कांदा, अंडी सगळेच कुव्वत-ए-बाहचे मानलेले. तोच खजूर ईदच्या शिरखुर्म्यात दादीही खात, तेव्हा कुणाला काही वाटत नसे!

रोज इशानंतर भाभी झाकणीचा पेला घेऊन चुलीपासून खोलीपर्यंत जात. मध्ये आम्ही सगळे बसलेले. त्यांची मान खाली. पाहुण्या बायका टोमणे मारीत ते मात्र भाभींनाच. दूध भाई पीत आणि बांझ भाभी!

अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रेल्वेने जाताना रुळाकडेच्या भिंती वाचा म्हणजे कळेल. मुसळीचे प्रयोग बहुतेक उंदरांवर झालेले. आणि जोम वेगळा, बीज वेगळे, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते.

२००५ मध्ये भाईंनी सेवाग्रामला तपासणी करून घेतली, कुणाला न सांगता. संध्याकाळी दस्तरख्वानावर सगळे असताना म्हणाले, "दादी, कमी मुझ में है. इस को अब कोई कुछ न बोले."

दादी बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या. त्या रात्री पेला गेला नाही. पुढे पाहुण्या बायका आल्या की दादीच विषय बदलीत.

डबा माळ्यावर राहिला, त्याला कीड लागली. बांगड्या अब्बांनी २००९ मध्ये सोडवल्या. अम्मीने त्या हातात न घालता भाभींच्या हातात घातल्या. थोड्या सैल होत होत्या.