कोठीची किल्ली

1 जुलै 2024, सोमवार

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. आज आमचं वसतिगृह भरलं. पत्र्याच्या पेट्या, गाद्या, बादल्या, लोणच्याच्या बरण्या आणि फाटकापाशी उगाच रेंगाळणाऱ्या आया. सहावीच्या पोरींची रडारड संध्याकाळच्या हजेरीपर्यंत चालली. त्या गोंधळातच मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली. कप्तान, उपकप्तान, भोजनप्रमुख, स्वच्छताप्रमुख अशी नावं गुरुवारपर्यंत हवीत, शुक्रवारी बिल्ले लावायचे आहेत.

नावं कशी ठरतात ते मला पाठ आहे. मार्क बरे, उंची बरी, पाहुण्यांचे आभार इंग्रजीतून मानता येतात, की झाली कप्तान. शिक्षकांना उलट न बोलणारी मुलगी आपण हुडकून काढतो आणि तिच्यात नेतृत्वगुण आहेत म्हणतो.

12 जुलै, शुक्रवार

बिल्ल्यांना आठवडा झाला. आज पहाटे टाकीपाशी सहावीच्या दोघी चार बादल्या घेऊन उभ्या. दोन त्यांच्या, दोन कप्तान ताईच्या. कप्तानला बोलावलं. ती जराही ओशाळली नाही. "मी सहावीत होती तवा मीबी भरली, मॅडम." तिच्या हिशेबानं हा अन्याय नव्हताच, फेड होती.

मोठ्या मुलांच्या हाती धाकट्यांचा कारभार देण्याची ही रीत आपल्याकडे साहेबाच्या शाळांतून आली. रग्बीच्या शाळेत 1828 ते 1842 मुख्याध्यापक असलेल्या थॉमस अरनॉल्डनं वरच्या वर्गातल्या मुलांना शिस्तीचा अधिकार दिला आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. त्याच्या मनात चारित्र्य घडवायचं होतं. वसतिगृहात मात्र हुकूम खाली जातो आणि हिशेब वर द्यायचा असतो, त्यामुळे कप्तानचं सगळं लक्ष वर. खाली बादल्या भरल्या जातात.

20 जुलै, शनिवार

दिवसभर पाऊस. कोठीत डाळीला ओल लागेल म्हणून पोती फळीवर चढवली.

आमचे हिंदीचे सर नवेगाव खैरीच्या नवोदय विद्यालयात शिकलेले. तिथं अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी हाऊसं, प्रत्येकाचा कप्तान. पण सर म्हणतात, खरा कस मेस कमिटीत लागायचा. कप्तानला टाळ्या मिळत आणि मेस कमिटीला शिव्या. शिवाय नववीत तीसेक टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. इथला दादा तिथं गेला की पोळी मागायलाही त्याला नवी भाषा शिकावी लागे. कप्तानकीची हवा उतरवायला यापरता उपाय नाही, असं सरांचं मत.

त्यांचं ऐकून मी या महिन्यात भोजन समिती चिठ्ठ्या टाकून काढली. सहा मुली, सहावी ते अकरावी. काम एकच: माल येईल तेव्हा उभं राहून मोजून घ्यायचा, वहीत लिहायचा, रोज सकाळी आचाऱ्याला तोलून द्यायचा. कोठीला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, एक समितीकडे.

आज माल आला. तूरडाळ, तांदूळ, कणीक, तिखट, फल्लीदाणे. अकरावीची वही लिहीत होती आणि सातवीची एक किडकिडीत पोर काट्याजवळ नुसती उभी. तिची आई आठवडी बाजारात भाजीचं दुकान लावते. पोर एकदम म्हणाली, "मॅडम, काटा रिकामाच दोनशे ग्राम दाखवून राहिला." पाहिलं, तर खरंच. माल आणणाऱ्या पोऱ्यानं 'ओलीनं होतं' म्हणून बटण दाबलं, काटा शून्यावर आला. पोरीनं आधी तोललेली पाचही पोती पुन्हा चढवायला लावली. तो कुरकुरला. ती मागं हटली नाही, आवाजही चढवला नाही. वहीत तिनं स्वतःच्या हातानं ओळ टाकली: 'काटा आधी पाहणे.'

ही मुलगी कुणाच्याच यादीत नव्हती. माझ्याही नाही.

10 ऑगस्ट, शनिवार

दर शनिवारी रात्री जेवणानंतर आमसभा, हा नवा नियम. आज तिसरी. खरं सांगायचं तर भयंकर कंटाळवाणा प्रकार आहे. पाऊण तास एका पंख्यावर गेला. त्याखाली कुणी झोपायचं? शेवटी आठवड्याची पाळी ठरली. एवढ्यासाठी पाऊण तास! मी शिट्टी मारून दोन मिनिटांत निकाल लावला असता आणि दोन दिवसांत भांडण पुन्हा आलं असतं.

पुढचा विषय गंभीर. नववीतल्या एकीनं दुसरीच्या पेटीतून शाम्पू नि पैसे घेतले. तिनं कबूल केलं. सभेनं हात वर करून ठरवलं, महिनाभर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मुलं मोठ्यांपेक्षा दयाळू असतात हा आपला गोड गैरसमज आहे. शिक्षा ठरवायला द्या, फौजदारापेक्षा कडक निघतील. मी मध्ये पडले. म्हटलं, वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे. अकरावीची एक लगेच, "मंग तो आमच्या सभेलेबी लागू हाय का, मॅडम?" तिला म्हटलं, माझ्या वसतिगृहात लागू आहे.

मग त्यांना वॉर्साच्या यानुश कोर्चाकची गोष्ट सांगितली. 1912 साली सुरू झालेल्या त्याच्या अनाथालयात मुलांचं न्यायालय होतं आणि संहितेतली पहिली 99 कलमं माफीकडे झुकणारी होती. सहा महिन्यांत कोर्चाकनं स्वतःलाही पाच वेळा तिथं उभं केलं. हे ऐकून सभेचे डोळे चमकले. पुढल्या शनिवारी माझ्यावर काय काय दाखल होतंय ते बघायचं. शाम्पूचा निकाल बदलला: पैसे परत आणि दोन आठवडे कोठीच्या झाडलोटीत मदत. बोलणं चालू.

3 सप्टेंबर, मंगळवार

तान्हा पोळा. शहरात काळी आणि पिवळी मारबत निघाली. 1880च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक आणि तिच्यासोबतचे बडगे, हे नागपूरकरांचं वर्षातून एकदाचं मोकळं तोंड. ज्याच्यावर राग त्याचा पुतळा करा आणि जाळून या.

आमच्या पोरींनी जुनी लुगडी, रद्दी आणि तुराट्या जमवून वसतिगृहाचा बडग्या केला. पोटावर पाट्या: 'पाणचट वरण', 'साडेनऊचा लाइट बंद', 'अधीक्षिकेची शिट्टी', आणि अगदी खाली, 'बादली भरून दे म्हणणारी ताई'. "घेऊन जा गे मारबत!" करत मैदानाला फेरी झाली. एका सहकारी बाईंना हा उद्धटपणा वाटला, त्यांनी मुख्याध्यापकांना फोन केला. मला विचाराल तर तक्रारपेटीत वर्षभरात येत नाही एवढं एका दुपारी कळलं. कप्ताननं शेवटची पाटी वाचली. रात्री तिनं तिची बादली स्वतः भरली. वरणाचं मात्र अजून काही झालेलं नाही, डाळ तितकीच आणि ताटं वाढलीत.

2 ऑक्टोबर, बुधवार

नववी ते अकरावीला घेऊन सेवाग्राम. गांधीजी 1936 मध्ये इथं राहायला आले आणि पुढल्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरून नयी तालीमला सुरुवात झाली. आशादेवी आणि आर्यनायकम यांच्या त्या शाळेत मुलांची आमसभा भरे आणि स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य अशा खात्यांचे मंत्री मुलं आपल्यातूनच निवडत. आज जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत शालेय मंत्रिमंडळ दिसतं. पण पुष्कळ ठिकाणी मंत्री असतो आणि खातं नसतं. आरोग्यमंत्र्याच्या हाती नेलकटरसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये पोरींना भाऊराव पाटलांविषयी सांगितलं. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधत नि जेवत. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. सातवीच्या त्या पोरीला समितीमुळे सोबत आणलं होतं. तिचा प्रश्न, "सोनं तोलताना कोण उभं होतं?" बस हसली. ती हसली नाही.

21 नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. परवापासून जवळजवळ सगळे शिक्षक निवडणूक ड्यूटीवर. वसतिगृहात मी, आचारी आणि फाटकावर चौकीदार.

दिवस पोरींनी उत्तम निभावला. समितीनं माल काढला, हजेरी झाली, अभ्यासिकाही भरली. पण रात्री सहावीतल्या एकीला ताप चढला. कप्ताननं थर्मामीटर लावला, ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, उशाशी बसून राहिली. माझं दार वाजलं ते पहाटे तीनला, ताप 103 च्या पुढं गेल्यावर. चौकीदारानं ओळखीची ऑटो बोलावली, दवाखाना गाठला, आता पोर बरी आहे. कप्तानला विचारलं, आधी का नाही उठवलंस? "तुम्ही दोन दिवसांच्या जाग्या, मॅडम. मले वाटलं, मी कप्तान हावो, मीच पाहीन."

तिला रागावण्यासारखं काही नव्हतं. तिच्या बिल्ल्यानं तिला हेच शिकवलं होतं, की जबाबदार मुलगी मोठ्यांना त्रास देत नाही.

30 नोव्हेंबर, शनिवार

आमसभेनं दोन ठराव केले. कप्तान पुढल्या सत्रापासून सभेनं निवडायची आणि दर महिन्याला तिनं सभेपुढं उभं राहून काय केलं ते सांगायचं. दुसरा ठराव कप्ताननंच मांडला: रात्री ताप, उलटी, रडणं, काहीही असो, आधी मॅडमचं दार वाजवायचं. एकमतानं मंजूर.

सातवीची पोर कप्तानकीला उभी राहणार नाही म्हणते. भाषण करायला लागतं, ते तिला जमत नाही. समितीतली तिची मुदत संपली, किल्ली दुसरीकडे गेली. तरी माल आला की ती काट्यापाशी येऊन उभी राहते आणि नव्या समितीचं डोकं खाते.

मुख्याध्यापकांना आज पत्र दिलं. कोठी, हिशेबाची वही, पंख्याच्या पाळ्या, सभा, भांडणांचे निवाडे हे सगळं मुलींकडे राहू द्यावं आणि त्यात आम्ही मोठ्यांनी हात घालू नये. आजारपण आणि रात्रीची राखण मात्र मुलींचं काम नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेचं पद तीन वर्षं रिकामं आहे, ते भरावं. विद्यार्थी नेतृत्वाच्या नावाखाली ती जागा चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं भरून काढणं बंद व्हावं. खाली माझी सही आहे आणि सभेच्या ठरावाची नक्कल जोडली आहे.