करंट अडतो कुठे

पेट्रोलचे इंजिन सेल्फवर खणखणीत फिरते आणि तरीही चालू होत नाही, तेव्हा पेट्रोल, कॉम्प्रेशन किंवा करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, यांपैकी काहीतरी कमी पडत असते. यांतला करंटचा शोध खरे तर सर्वांत सरळ, कारण करंटची वाट ठरलेली असते. तरी जुन्या पिकअपवर सर्वाधिक गोंधळ होतो तो याच शोधात. इग्निशनचे सुटे भाग फार महाग नसतात, त्यामुळे तपासण्याआधीच बदलाबदली सुरू होते. कॉइल बदलली, कॅप बदलली, मोड्यूल बदलले आणि गाडी चालू झाली, की शेवटी बदललेला भाग दोषी ठरतो. या खटाटोपात एखादी सैल वायर हलून जागेवर बसली असेल, तर तोच दोष काही दिवसांनी रस्त्यात परत भेटतो. म्हणून जाणता मिस्त्री काहीही काढण्यापूर्वी मोजतो.

बॅटरीच्या 12 व्होल्टमधून हजारो व्होल्टची ठिणगी काढण्याची बहुतेक जुन्या गाड्यांतली पद्धत अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याच्या नावाने ओळखली जाते. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्याचे बॅटरीवरचे इग्निशन आणि विजेचा सेल्फ दोन्ही होते. कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतला प्रवाह एकदम तोडला, की सेकंडरीत उच्च दाब तयार होतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या रोटर आणि कॅपमधून त्या-त्या सिलिंडरच्या प्लगकडे जातो. प्रवाह तोडण्याचे काम पूर्वी पॉइंट करत. आपल्याकडच्या पद्मिनी, अँबेसेडर आणि पेट्रोल जीपमध्येही हीच मांडणी होती. शेव्हरोले पिकअपची 1973 ते 1987 ही पिढी या विषयात अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत पॉइंट होते आणि 1975 पासून एचईआय, म्हणजे हाय एनर्जी इग्निशन आले. त्यात पॉइंटची जागा पिकअप कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक मोड्यूलने घेतली. व्ही-8 इंजिनांवर मुख्य कॉइलही डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्येच बसवलेली असे.

करंट खरोखर नाही, याची खात्री आधी करायची. प्लगची वायर हातात धरून झटका बसतो का हे पाहण्याची जुनी सवय एचईआयवर धोक्याची आहे. वायर उघडी ठेवून सेल्फ मारत राहिले तर कॉइल आणि मोड्यूललाही इजा होते. मोठ्या गॅपचा स्पार्क टेस्टर वायरला लावून त्याची क्लिप इंजिनाला पक्की अर्थ करावी. एचईआयसाठीच्या टेस्टरला ठिणगी उडवायला सुमारे 25,000 व्होल्ट लागतात. साधा प्लग बाहेर ठेवून पाहिला तर अशक्त कॉइलही ठिणगी दाखवते, आणि तीच सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. एकाच वायरला करंट नसेल तर दोष त्या वायरमध्ये किंवा कॅपच्या त्या खुंटीवर. कुठल्याच वायरला नसेल तर दोष सामाईक वाटेवर आहे.

पुढे पाहायचे, सेल्फ मारताना रोटर फिरतो का. या व्ही-8 इंजिनांपैकी अनेकांच्या कॅमशाफ्टच्या चाकाला नायलॉनचे दाते होते. ते झडले की टायमिंग चेन निसटते, क्रँक फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर थांबून राहतो. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरची पिन तुटली तरी तसेच होते. रोटर स्थिर असेल तर विजेचा शोध तिथेच थांबतो.

रोटर फिरत असेल तर वाट मधोमध तोडून पाहावी. शेताला पाटाचे पाणी पोचले नाही तर मधले दार पाहिले, की वरची बाजू कोरडी की खालची हे लगेच कळते. तसे इथले मधले दार म्हणजे कॅपवरचे ‘टॅक’ टर्मिनल, अर्थात कॉइलची ऋण बाजू. टेस्ट लॅम्प तिथे आणि अर्थवर जोडून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर प्रायमरी प्रवाह तुटतो-जुळतो आहे. दोष पुढे, म्हणजे सेकंडरी, रोटर किंवा कॅपमध्ये. दिवा सलग पेटून राहिला तर कॉइलपर्यंत वीज आहे, पण ती तोडणारा कामावर नाही. तेव्हा पिकअप कॉइल किंवा मोड्यूल पाहायचे. दिवा पेटलाच नाही तर पुरवठा नाही, प्रायमरी तुटली आहे किंवा ती बाजू कुठेतरी अर्थ झाली आहे. टॅकोमीटरची वायर सोलवटून बॉडीला टेकली तरी ठिणगी बंद होते. म्हणून ती वायर काढून पुन्हा एकदा पाहावे.

पुरवठा ‘बॅट’ टर्मिनलवर मोजतात. इथे मीटर फसवते. चावी लावून इंजिन थांबलेले असताना एचईआय जवळपास प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडामागेही मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवते. टेस्ट लॅम्पचा भार टाकला की तोच जोड उघडा पडतो. सेल्फ फिरत असतानाही व्होल्टेज पाहावे; ते 10 च्या बरेच खाली जात असेल तर बॅटरी, तिची टोके, इग्निशन स्विच आणि फायरवॉलमधून जाणारा कनेक्टर ओळीने तपासावा. जुन्या पिकअपमध्ये नंतर एचईआय बसवले असेल आणि त्याला पॉइंटच्या काळातली रेझिस्टन्स वायरच जोडली असेल, तर व्होल्टेज कायम अपुरे राहते.

पिकअप कॉइलच्या हिरव्या आणि पांढऱ्या वायरी मोड्यूलवरून काढल्यावर त्यांच्यात 500 ते 1,500 ओहम रोध मिळायला हवा. दोन्हींपैकी कुठलीही डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जुळता कामा नये. मोजताना व्हॅक्युम ॲडव्हान्सचा दांडा हाताने मागेपुढे करावा. प्रत्येक वेगबदलाबरोबर आतली प्लेट सरकते आणि या बारीक वायरी एकाच जागी वाकत राहतात. बाहेरचे वेष्टण अखंड दिसते, आतले तांबे मात्र तुटलेले असते. बोटांत धरून हलके ओढले की निरोगी वायर ताठ राहते. तुटलेली त्या जागी रबरासारखी ताणली जाते आणि मीटरवरचा आकडा नाहीसा होतो.

मोड्यूलची तपासणी थंड असताना पुरी होत नाही. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, ही तक्रार असेल तर मोड्यूल गरम करून पुन्हा पुन्हा तपासावे लागते. त्याच्या खाली उष्णता वाहून नेणारे सिलिकॉन ग्रीस लावलेले असणे आवश्यक आहे. ते न लावता घाईने बसवलेले नवे मोड्यूलही लवकर जळते.

मुख्य कॉइलची प्रायमरी एक ओहमपेक्षा कमी भरते, म्हणून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी वजा करावा. सेकंडरी साधारण 6,000 ते 30,000 ओहम. कॉइल काढलीच आहे तर तिच्या खालचे कार्बनचे बटण आणि स्प्रिंग पाहावी. रोटर उलटा करून मधोमध पाहावे: टाचणीच्या टोकाएवढे काळे छिद्र दिसले, तर ठिणगी प्लगकडे न जाता तिथून शाफ्टमध्ये उतरते आहे.

पॉइंटच्या गाड्यांत चावीच ठाव सांगते. सेल्फ असेपर्यंत इंजिन पेटते आणि चावी सोडताच मरते, तर रेझिस्टन्स वायर तुटली आहे. चावी सोडतानाच पेटते, तर सेल्फकडून कॉइलला येणारी बायपास वायर पाहावी. बराच काळ उभ्या गाडीत पॉइंटवर गंजाची झिलई चढते. ती घासून काढावी. व्ही-8 ला नवे पॉइंट बसवले तर गॅप 0.019 इंच आणि ड्वेल 30 अंश ठेवतात.

कॅप बदलताना वायरी एकेक करून हलवाव्यात. शेव्हरोले व्ही-8 ची फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2 असते आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. दुरुस्तीनंतर इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे आणि वायरी हलवून पाहाव्यात. निदान बरोबर होते की नाही, याची शेवटची कसोटी काढलेल्या भागात असते. तो परत लावला की दोष परत यायला हवा; आला नाही तर खरा दोष अजून गाडीतच आहे आणि टॅक टर्मिनलपासून तपासणी पुन्हा करावी लागते.