शेकडो पायांचं राज्य

इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या ओल्ड सेरमच्या टेकडीवर वारा नुसता झोडपत असतो. चहूकडे मातीचे उंच तट, मध्ये गारगोट्यांच्या पडक्या भिंती आणि गवतात राहिलेली एका कॅथेड्रलच्या पायाची आखणी. दक्षिणेला खाली नव्या सॉल्झबरीचा १२३ मीटर उंच मनोरा दिसतो. पाण्याची टंचाई, वारा आणि किल्ल्यातल्या सैनिकांशी रोजच्या कटकटी यांना कंटाळून धर्ममंडळींनी १२२० मध्ये तिकडे नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं.

मी इथे आलो तो सॉल्झबरीच्या जॉनसाठी. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो याच परिसरात जन्मला. पॅरिसला जाऊन तत्त्वज्ञ आबेलारकडे शिकला, कँटरबरीच्या आर्चबिशपचा चिटणीस झाला आणि ११५९ मध्ये त्याने ‘पोलिक्रॅटिकस’ हा राज्यकारभारावरचा लॅटिन ग्रंथ पुरा केला. तो अर्पण केला थॉमस बेकेटला. बेकेट तेव्हा राजा दुसऱ्या हेन्रीचा चॅन्सलर होता.

या ग्रंथात राज्य म्हणजे एक शरीर. राजा डोकं, धर्मसंस्था आत्मा, न्यायाधीश डोळे-कान, खजिनदार पोट आणि शेतकरी पाय. उतरंड अपेक्षितच होती. पुढचं वाचून मात्र मी थक्क झालो. जॉन म्हणतो, डोक्याने सगळ्यात जास्त काळजी पायांची घ्यावी, कारण जमिनीवर चालताना ठेचा त्यांनाच लागतात. पाय काढून घेतले तर धट्टंकट्टं शरीरही सरपटू लागेल. शेतकरी, विणकर, लोहार, सुतार मोजत गेलं तर या शरीराला गोमेपेक्षा जास्त पाय! आणि प्रजा पिडलेली असेल, तर राजालाच पायाचा वात झालाय असं समजावं. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी, दरबाराच्या सावलीत वावरणाऱ्या माणसाने हे लिहिलं. जुलमी राजाला मारणं न्याय्य आहे, इथपर्यंत तो गेला. मात्र विषप्रयोग त्याला मंजूर नव्हता, आणि ज्याने राजाशी इमानाची शपथ घेतली त्याला तर ही मुभाच नव्हती.

पुढे बेकेट आर्चबिशप झाला, राजाशी त्याचं फाटलं, आणि जॉनच्याही वाट्याला फ्रान्समधला विजनवास आला. २९ डिसेंबर ११७० ला सरदारांनी बेकेटला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये कापून काढलं, तेव्हा जॉन त्याच इमारतीत होता. शेवटी तो शार्त्रचा बिशप झाला आणि ११८० मध्ये तिथेच वारला.

त्याच्या जन्मगावाचं पुढे जे झालं ते वाचून तर विश्वास बसेना. माणसं उठून गेली, तरी ओल्ड सेरमचे दोन खासदार १८३२ पर्यंत संसदेत बसत होते. मतं जमिनीच्या तुकड्यांना चिकटलेली आणि तुकडे एखाद्या धनिकाच्या मुठीत. पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट १७३५ मध्ये इथूनच निवडून गेला. पाय नसलेलं शरीर शतकानुशतकं मतं टाकत होतं, आणि कायद्याने!

टेकडी उतरून मी सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये गेलो. तिथे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक आहे. एकाच चर्मपत्रावर बारीक लॅटिन अक्षरांच्या ओळी खेटून बसलेल्या. लोक शोधतात ते एकोणचाळिसावं कलम, कायद्याशिवाय कोणा स्वतंत्र माणसाला कैद करू नये असं सांगणारं. मला विसावं हवं होतं. दंड झाला तरी कुळाची शेतीची साधनं शाबूत ठेवावीत, असं त्यात लिहिलं आहे.