भांड्यावरचं नाव

सी आणि सी प्लस प्लसचा कोड दुसऱ्या भाषांना जोडून देणारं स्विग पहिल्यांदा चालवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आमच्याकडे उष्णतावहनाचं गणित करणारी, सी प्लस प्लसमधली एक जुनी लायब्ररी होती. यंत्राच्या भागाची जाळी घ्यायची आणि तिच्या प्रत्येक बिंदूवरचं तापमान काढायचं, एवढंच तिचं काम. पण ते ती कित्येक वर्षं चोख करत आली होती. नव्या मुलांना ती पायथॉनमधून वापरायची होती. मी हेडर फाइल स्विगच्या हवाली केली, एक कमांड दिली, आणि पापणी लवायच्या आत तीनशेच्या आसपास फंक्शनांचे रॅपर तयार झाले. हाताने लिहायला बसले असते तर दोन महिने सहज गेले असते.

मग पायथॉन उघडून जाळीचे बिंदू मागितले. उत्तर आलं ते असं: स्विगचा ऑब्जेक्ट, प्रकार ‘डबल स्टार’, आणि पुढे मेमरीतला एक पत्ता. सीमध्ये पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावर एक आकडा राहतो की वीस लाख, हे त्या पॉइंटरवर कुठेच लिहिलेलं नसतं. स्विगने अंदाज बांधला नाही, पत्ता होता तसा माझ्या हातात ठेवला. तेव्हा मला ते अपुरं वाटलं होतं. आज त्यातला प्रामाणिकपणा कळतो.

डेव्हिड बीझली यांनी १९९५ मध्ये हे साधन लिहायला घेतलं ते न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत. तिथे अणुरेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा सीमधला एक प्रोग्रॅम होता, आणि त्याला वरून आज्ञा देता येईल अशी एखादी स्क्रिप्टची भाषा जोडायची होती. वेगाचं काम सीकडेच राहू द्यावं, प्रश्न विचारणं स्क्रिप्टकडे द्यावं, आणि मधली जोडणी माणसाने करत बसू नये. रॅपर करतो तरी काय? पायथॉनची वस्तू घेतो, ती खरंच संख्या आहे का बघतो, तिची सीमधली संख्या करतो, फंक्शनला हाक मारतो, आलेलं उत्तर पुन्हा पायथॉनच्या वस्तूत गुंडाळून देतो. तीनशे वेळा तेच. हे यंत्रानेच करावं.

नुसत्या पत्त्याचा माझा प्रश्न सुटला तो नमपाय या पायथॉनच्या अ‍ॅरेंच्या लायब्ररीसाठी स्विगला सूचना देणाऱ्या तयार इंटरफेस फाइलने. सीमधली मेमरी नमपायचा अ‍ॅरे म्हणून दाखवायचे साचे तिच्यात आहेत. त्यातल्या दोन साच्यांची नावं ‘आर्गआउटव्ह्यू’ आणि ‘आर्गआउटव्ह्यूएम’. फरक एका ‘एम’चा. दोन्ही साचे कॉपी न करता मूळ मेमरीच दाखवतात. पण एम असेल तर पायथॉनचं काम संपताच ती मेमरी मोकळी केली जाते, नसेल तर तिला कुणी हात लावत नाही. हेडरमधली ओळ मात्र दोन्हींसाठी अक्षरशः एकच असते. मी एम लावला नाही. फार तर थोडी मेमरी अडकून पडेल, क्रॅश तर होणार नाही, असा हिशेब केला.

क्रॅश झाला नाही, आणि घात झाला तो तिथेच. तीन आठवड्यांनी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. “ताई, हे जरा बघता का? थर्मोकपल बसवलेल्या बिंदूंचं तापमान बरोबर येतंय, पण उष्ण पट्टा जागेवरून सरकलाय.” बघितलं तर खरंच सरकला होता, जेमतेम दोन मिलिमीटर. दिवसभर आम्ही गणितच तपासत बसलो. गणितात काहीच चुकलेलं नव्हतं. जाळी बारीक करताना लायब्ररी नवे बिंदू घालायची आणि जुने किंचित हलवायची. बिंदू ठेवलेल्या व्हेक्टरमध्ये जागा पुरेनाशी झाली की तो मोठी जागा घेतो, सगळं सामान तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. आमचा नमपायचा अ‍ॅरे मात्र अजून त्या सोडलेल्या जागेकडेच बघत होता. तिथे दुसरं कुणी राहायला आलेलं नव्हतं, म्हणून आकडे खरे वाटत होते. तापमान नव्या जाळीचं आणि बिंदू जुन्या जागेवरचे, अशी ती सांगड होती.

आमच्याकडे लग्नकार्याला शेजारपाजारची भांडी गोळा होत. प्रत्येक स्टीलच्या पातेल्यावर, परातीवर मशीनने नाव घातलेलं. कार्य उरकलं की बायका ढिगासमोर बसायच्या, एकेक भांडं फिरवून नाव वाचायच्या आणि ज्याचं त्याला जायचं. नाव नसलेलं भांडं आलं की पंचाईत. कधी दोघी समजायच्या की दुसरीचं आहे, आणि ते तिथेच राहायचं. कधी दोघीही आपलं म्हणून हात घालायच्या. मेमरीचंही तसंच होतं. कुणीच मोकळी केली नाही तर साचत जाते, दोघांनी मोकळी केली तर प्रोग्रॅम कोसळतो. आणि हेडर फाइल म्हणजे नाव न घातलेल्या भांड्यांचा ढीग.

साधन बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. स्विगने गुंडाळलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टवर ‘धिसओन’ नावाची खूण असते: ही वस्तू पायथॉनच्या मालकीची आहे की नाही. फंक्शनने पॉइंटर परत दिला तर, आपण वेगळं सांगितलं नसेल तर, स्विग समजतं की तो आपला नाही. व्हेंझेल याकोब यांनी २०१५ मध्ये आणलेलं पायबाइंड११ अशाच साध्या पॉइंटरच्या बाबतीत, वेगळं सांगितलं नसेल तर, समजतं की आता तो आपला झाला. ओळ एकच, आणि दोन चांगल्या साधनांचे दोन उलटे समज. मला स्विगचा समज जवळचा वाटतो. दुसऱ्याची वस्तू चुकून फेकून देण्यापेक्षा आपली थोडी वाया गेलेली बरी. पण समज तो समजच.

फोर्ट्रानसाठी पेअरू पीटरसन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या एफटूपायने काढलेली वाट मला फार आवडते. जुन्या फोर्ट्रान ७७ मध्ये कुठला अ‍ॅरे आत जाणारा आणि कुठला उत्तर घेऊन येणारा हे लिहायची सोयच नव्हती. एफटूपायमध्ये ते कोडातच, कॉमेंटच्या ओळीत लिहिता येतं: हा ‘इन’, हा ‘आउट’. फोर्ट्रानचा कंपाइलर ती ओळ ओलांडून पुढे जातो, एफटूपाय ती वाचतं. कोड लिहिणाऱ्याच्या मनात राहून गेलेलं सांगायला तिथे जागा ठेवली आहे.

आमची लायब्ररी लिहिणारे सर निवृत्त होऊन सांगलीला स्थायिक झाले होते. त्यांना फोन केला.

“सर, बिंदूंची मेमरी कोणाची?”

“अगं, जाळीची. आणि जाळी बारीक केलीस की जुना पॉइंटर विसरायचा. आम्हा सगळ्यांना माहीत होतं ते.”

“कुठे लिहिलेलं आहे का?”

ते क्षणभर गप्प राहिले. “लिहायची वेळच आली नाही. चौघं होतो आम्ही, एका खोलीत बसायचो.”

मग दोन संध्याकाळी मी फंक्शनांची नावं वाचत गेले आणि सर सांगत गेले: हे उसनं, हे दिलेलं, हे उसनं पण जाळी हलेपर्यंतच. उसनं हा शब्द माझा नाही. पायथॉनच्या सी इंटरफेसमध्येही संदर्भ उसने असतात. यादीतून वस्तू काढून देणारं एक फंक्शन पूर्वीपासून उसना संदर्भ देत आलं आहे. अनेक थ्रेड एकाच वेळी चालणार म्हटल्यावर तो विश्वास पुरेना, म्हणून ३.१३ आवृत्तीत स्वतःच्या हक्काचा संदर्भ देणारं दुसरं फंक्शन आलं.

बिंदूंसाठी मी शेवटी सरळ कॉपी करायचं ठरवलं. वीस लाख बिंदू, प्रत्येकी तीन आकडे, आकड्याला आठ बाइट: अठ्ठेचाळीस मेगाबाइट. समीकरणं सोडवायला मिनिटं लागतात, कॉपी डोळ्याला जाणवतही नाही. मूळ मेमरीच हवी असणाऱ्यांसाठी वेगळं फंक्शन ठेवलं, आणि त्याच्या नावातच ‘उसनं’ आहे.

दुसऱ्या संध्याकाळी, यादी संपत आली असताना, एका नावापाशी सर थांबले. “हे माझं नाही. ज्यानं लिहिलं त्याला आता विचारता यायचं नाही.” मी कोड उघडून वाचला. धातूचे गुणधर्म देणारं फंक्शन होतं. धातू ओळखीचा असेल तर आधीच साठवलेल्या टेबलाचा पॉइंटर देत होतं. नसेल तर नवी मेमरी घेऊन, भरून, तिचा पॉइंटर देत होतं. एकाच दारातून कधी उसनं, कधी दिलेलं, आणि घेणाऱ्याला फरक कळायला काही मार्ग नाही. मी इंटरफेस फाइलमध्ये त्याच्या नावाआधी ‘इग्नोर’ लिहिलं आणि वरच्या कॉमेंटमध्ये कारण. ते फंक्शन अजून पायथॉनमध्ये आलेलं नाही.