कॅप्टन मॅनरिंग आणि मी

2011 साली उन्हाळ्यात सात आठवड्यांसाठी मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहानशा गावी गेलो होतो. तेथील वृद्ध धर्मगुरूंच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांच्या धर्मग्रामातील उपासना पाहण्यासाठी कोणीतरी हवे होते. शनिवारची सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही दोघे त्यांच्या बैठकीच्या खोलीत येत असू. ते काठी बाजूला ठेवून खुर्चीत बसत, मी चहा ओतीत असे, आणि टेलिव्हिजनवर एका जुन्या विनोदी मालिकेचे पुनःप्रक्षेपण सुरू होई. मालिकेचे नाव ‘डॅड्स आर्मी’.

पहिल्या शनिवारी मला हसू आले नाही. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान व ईशज्ञान इंग्रजीतूनच शिकलो होतो. परंतु भाजीवाल्याने बँकेच्या मॅनेजरला काय म्हटले म्हणजे हसायचे, हे कोणत्याही सेमिनरीत शिकवीत नाहीत. तिसऱ्या शनिवारी मात्र मी इतका हसलो की हातातील चहा झग्यावर सांडला. आणि पाचव्या शनिवारी हसता हसता गप्प झालो. त्या गप्प होण्याविषयी आज लिहावेसे वाटते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मे 1940 मध्ये फ्रान्स कोसळू लागला आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर जर्मन सैन्य केव्हाही उतरेल अशी भीती निर्माण झाली. 14 मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केले, की जे सैन्यात नाहीत अशा 17 ते 65 वयाच्या पुरुषांनी स्थानिक संरक्षणासाठी पुढे यावे. या स्वयंसेवकांनाच पुढे ‘होम गार्ड’ हे नाव मिळाले. आरंभी बंदुका पुरेशा नव्हत्या, गणवेश नव्हते. हाती येईल त्या हत्यारानिशी म्हातारे आणि पोरे किनाऱ्यावर पहारा देत. जिमी पेरी हे लेखक ऐन तारुण्यात या दलात होते. त्या आठवणींवर त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह ही मालिका रचली. बीबीसीने 1968 ते 1977 या काळात तिचे 80 भाग दाखविले.

वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावातील तुकडीचा प्रमुख म्हणजे कॅप्टन मॅनरिंग. ठेंगणा, गोल चष्म्याचा, छाती पुढे काढून चालणारा हा गृहस्थ एरवी गावच्या बँकेचा मॅनेजर. स्वयंसेवक गोळा झाले तेव्हा याने स्वतःच स्वतःला प्रमुख करून टाकले. त्याचा सार्जंट विल्सन हा बँकेत त्याच्याच हाताखालचा मुख्य कारकून. परंतु तो खानदानी घराण्यातला, उंची शाळेत शिकलेला. मॅनरिंग कष्टाने वर आलेला. हुकूम मॅनरिंगचा चाले, पण खोलीत शिरताच माणसे आपोआप आदराने वळत ती विल्सनकडे. हा सल मॅनरिंगच्या प्रत्येक वाक्यात ठसठसत असतो. एखादा अचाट बेत तो जाहीर करतो, आणि विल्सन अत्यंत मृदू स्वरात विचारतो, की साहेब, हे शहाणपणाचे ठरेल का? तेवढ्या एका प्रश्नाने कॅप्टनचा चेहरा लाल होतो. त्याची पत्नी मालिकेत कधीच पडद्यावर दिसत नाही. फोनवर मात्र ती त्याला जे सुनावते, ते त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळते. आर्थर लोव या नटाने ही भूमिका अशी वठविली, की त्याच्या नुसत्या चष्मा सारखा करण्यातही एका माणसाचे सारे आयुष्य दिसावे.

मला सर्वांत अधिक गंमत वाटे ती चर्चच्या हॉलची. ही तुकडी कवायतीसाठी चर्चच्या हॉलमध्ये जमते, आणि मॅनरिंग तेथील धर्मगुरूंच्या कार्यालयाचा ताबा घेऊन बसतो. धर्मगुरू कुरकुरतात, त्यांचा चर्च-सेवक चहाड्या करतो, हवाई हल्ल्याच्या बचावाचे काम पाहणारा वॉर्डन हॉजेस हा भाजीवाला त्याच हॉलवर हक्क सांगतो. जर्मनांशी युद्ध राहते बाजूला. खरे युद्ध पेटते ते किल्ल्यांवरून आणि खुर्च्यांवरून. वाचकहो, ज्याने एखाद्या धर्मग्रामाचा हॉल सांभाळला आहे, त्याला हे प्रसंग कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नाचा स्वागत समारंभ, तरुणांची नाटकाची तालीम आणि महिला मंडळाची सभा एकाच संध्याकाळी आली म्हणजे काय होते, हे मला ठाऊक आहे.

पुढे त्या वृद्ध धर्मगुरूंनी मला आपल्या कपाटातील इतर मालिकाही दाखविल्या. एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. इंग्रजांच्या या उत्तम मालिकांतील संस्मरणीय पात्रे बहुधा अडकलेली माणसे असतात. आपण कोण आहोत याविषयी त्यांची स्वतःची एक कल्पना असते आणि जगाला ती मान्य नसते. 1962 साली सुरू झालेल्या ‘स्टेप्टो अँड सन’मधील भंगारवाल्याचा मुलगा हॅरॉल्ड संगीत व साहित्याची स्वप्ने पाहतो, पण म्हाताऱ्या बापाच्या तावडीतून त्याची सुटका नाही. ‘फॉल्टी टॉवर्स’चे 1975 आणि 1979 मिळून अवघे 12 भाग निघाले, त्यातील हॉटेलचालक बेसिल फॉल्टीला उमराव पाहुणे हवे असतात, आणि जे येतात त्यांचा त्याला तिटकारा. ‘येस मिनिस्टर’मधील मंत्र्याला वाटते की राज्य आपण चालवितो, सर हम्फ्री हे त्याचे सचिव त्याला तसे वाटू देतात. ही मालिका आपल्याकडे 2001 साली ‘जी मंत्रीजी’ या नावाने हिंदीत आली, आणि फारसे काही बदलावे लागले नाही, यातच तिचे यश व आपले दुर्दैव दोन्ही आले.

मात्र सारेच हसू सारख्या मोलाचे नसते. याच पेरी आणि क्रॉफ्ट या जोडीची दुसरी मालिका होती ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. तिची पार्श्वभूमी 1945 सालच्या, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीची. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक तेथे महिनोन्‌महिने पडून राहत; त्या कंटाळ्यातून आणि तापातून ज्यांचे डोके फिरे, त्यांच्यावरून ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. पेरी स्वतः देवळालीच्या छावणीत सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करीत. देवळालीचे नाव ऐकताच मी उत्सुकतेने सावरून बसलो. पण तीत रंगी राम हा भारतीय नोकर, झाशीत जन्मलेल्या मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहऱ्याला काळा रंग फासून रंगविला आहे. बेट्स यांचा अभिनय वाईट नाही. रंगी रामला स्वतःची हुशारीही आहे. तरीही मला हसता येईना. मी माझ्या यजमानांकडे पाहिले. तेही हसत नव्हते. त्यांनी न बोलता यंत्र बंद केले. मॅनरिंगला हसताना आपण खुर्चीवर बसलेल्याला हसतो. येथे मला वाटले की आपण ओझे वाहणाऱ्याला हसतो आहोत. काळानेही बहुधा हाच निवाडा दिला. ‘डॅड्स आर्मी’ पुन्हा पुन्हा दाखविली जाते. देवळालीची मालिका बीबीसी सहसा दाखवीत नाही.

आता त्या पाचव्या शनिवारकडे वळतो. त्या दिवशीचा भाग 1969 सालचा होता. मॅनरिंगच्या तुकडीत गॉडफ्रे नावाचा एक थकलेला, मृदुभाषी म्हातारा आहे. तो बहिणींबरोबर राहतो आणि मध्येच लघुशंकेसाठी परवानगी मागतो. या भागात तो सांगतो, की मला तुकडी सोडायची आहे. मला कोणाला मारता येणार नाही. पहिल्या महायुद्धातही मी सदसद्विवेकाच्या कारणावरून शस्त्र धरण्यास नकार दिला होता. झाले! मॅनरिंग त्याला तुच्छतेने वागवितो. सोबती त्याच्याशी बोलणे सोडतात. नंतर एका सरावात धुराने भरलेल्या खोपटात मॅनरिंग बेशुद्ध पडतो आणि गॉडफ्रेच आत शिरून त्याला वाचवितो. आजारी गॉडफ्रेला भेटायला सारे त्याच्या घरी जातात, तेव्हा भिंतीवरच्या छायाचित्रात त्याच्या छातीवर शौर्यपदक दिसते. शस्त्र न धरलेला हा माणूस सॉमच्या रणभूमीवर गोळीबारात जखमींना स्ट्रेचरवरून वाहून आणीत होता. पदक का लावीत नाही, असे विचारता, तो दिखाऊपणा वाटला असता, एवढेच तो सांगतो.

माझ्या यजमानांनी मग मला सांगितले की गॉडफ्रेची भूमिका करणारे अर्नोल्ड रिडली 1916 साली सॉमच्या लढाईत खरोखरच गंभीर जखमी झाले होते, आणि दुसऱ्या युद्धातही ते फ्रान्सला गेले होते. ते बोलत होते, आणि माझे लक्ष मात्र हजारो मैल दूर, माझ्याच धर्मग्रामात जाऊन पोहोचले होते.

तेथे एक निवृत्त शिक्षक होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन करावे ते त्यांनीच. प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोहोचे. आमच्या चर्चच्या एका वर्धापनदिनासाठी मी मोठा मंडप, रोषणाई आणि बँडचा बेत आखला. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत गुरुजी उठून म्हणाले, “फादर, एवढा खर्च आपल्याला शोभेल का?” मी म्हणालो, “ज्यांना काही करायचं नसतं, त्यांनाच असले प्रश्न सुचतात.” काहीजण हसले. मला ते हसू आवडले, हे आज मी लपवीत नाही. पुढच्या महिन्याच्या वाचकांच्या यादीतून मी त्यांचे नाव काढले. कारण विचारण्याची हिंमत कोणी केली नाही, आणि गुरुजींनी विचारले नाही. ते दर रविवारी येत आणि मागच्या बाकावर बसत. या गोष्टीला तेव्हा चार वर्षे झाली होती.

इंग्लंडमधील त्या खोलीत मी मॅनरिंगच्या फुगलेल्या छातीला पोटभर हसलो होतो. तीच छाती झग्याखाली कशी दिसते, हे मला कोणी दाखविले नव्हते. प्रवचनातून अहंकारावर मी कितीतरी वेळा बोललो होतो. पण प्रवचन देणारा माणूस व्यासपीठावर उभा असतो, त्याला स्वतःचे प्रवचन सहसा ऐकू येत नाही. विनोदाने मला हसविता हसविता माझ्याच पंक्तीला आणून बसविले.

परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी गुरुजींच्या घरी गेलो. ते ओटीवर बसले होते.

“या फादर, बसा. प्रवास बरा झाला ना?”

मी आडवळण न घेता क्षमा मागितली. ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशी तुमचं चुकलं, फादर. मला वाईट वाटलं. नाही म्हटलं तर खोटं होईल.”

त्यांनी पुन्हा वाचन करावे, अशी मी विनंती केली. ते हसले. “आता कसलं वाचन? डोळे गेले. मोठी अक्षरंसुद्धा पुसट दिसतात.” आतून सूनबाईंनी चहा आणला. आम्ही पावसाविषयी बोललो.

ज्या चार वर्षांत ते वाचू शकत होते, ती मी त्यांच्याकडून घेतली होती, आणि ती परत देणे माझ्या हाती नव्हते. गुरुजी वारले तेव्हा मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. अंत्यविधीला गेलो, आणि त्यांच्या नेहमीच्या मागच्या बाकावर बसलो.

मॅनरिंगविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. तो नुसताच फुगीर नाही. शत्रू आला असता, तर हा ठेंगणा मॅनेजर जागचा हलला नसता, याविषयी आपल्याला शंका राहत नाही. मालिकेच्या अखेरच्या भागात तो आणि त्याचे सोबती पेले उंचावून खऱ्या होम गार्डच्या स्मृतीला वंदन करतात, तेव्हा त्याचे सारे हास्यास्पदपण क्षणभर विसरायला होते. लेखकांनी त्याला हसले, पण त्याला टाकले नाही. मला त्यातून धीर मिळतो.

सध्याच्या माझ्या कौन्सिलमध्ये एक गृहस्थ आहेत. माझा एखादा बेत रंगात आला की ते हळूच म्हणतात, “फादर, जरा विचार करू या का?” माझा चेहरा अजूनही लाल होतो. पण आता बैठकीत मी त्यांना मुद्दाम माझ्या शेजारची खुर्ची देतो.